शनिवारी सात ते नऊ : जुन्या रॉक-पॉपचा रेडिओ कार्यक्रम चालवायचा असेल तर

ओहायोत उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात रविवार पहाटेचे साडेचार झालेले असतात. आई उठलेलीच असते. फोनवर आमच्या स्टेशनचा स्ट्रीम लावून चहाचं आधण ठेवते आणि कार्यक्रम संपला की मला फोन करते. अभिप्राय ठरलेला : "वाक्याचं शेवटचं अक्षर गिळतोस." हिवाळ्यात इथली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा तिला साडेपाचपर्यंत झोपता येतं.

गेली सात वर्षं मी हा कार्यक्रम करतोय. आठवड्याला दोन तास, १९५५ ते १९७९ या काळातलं अमेरिकी आणि ब्रिटिश रॉक-पॉप. मानधन नाही, पोटासाठी नोकरी वेगळी आहे. इथल्या गणेशोत्सवात दर वर्षी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, की असं काही आम्हाला जमेल का हो, आमचं बालपण तर 'आपली आवड' आणि बिनाका गीतमालेवर गेलं. माझंही तिथेच गेलं. जमतं.

फक्त एक गोष्ट आधी कबूल करून टाकावी लागते. माझे बहुतेक श्रोते सत्तरीच्या पुढचे आहेत. अमुक गाणं पहिल्यांदा कुणाच्या गाडीत ऐकलं, शेजारी कोण बसलं होतं, बाहेर पाऊस होता की बर्फ, हे त्यांना लख्ख आठवतं. मला त्यातलं काहीच आठवायचं कारण नाही. म्हणून मी कामाची वाटणी करून टाकली : आठवण त्यांची, तपशील माझा. खाली जे सांगतोय ते बरंचसं या वाटणीतूनच आलेलं आहे.

१. आधी स्टेशन गाठा

मोठ्या व्यावसायिक स्टेशनांच्या दारात उभं राहण्यात अर्थ नाही, तिथे कुठलं गाणं लागणार हे निवेदकाच्या हातात फारसं नसतं. आपल्यासारख्यांसाठी दोन जागा : विद्यापीठांची स्टेशनं आणि कमी शक्तीची एफएम स्टेशनं, म्हणजे एलपीएफएम. हा दुसरा प्रकार एफसीसीने, म्हणजे इथल्या दळणवळण आयोगाने, २००० साली सुरू केला. शक्ती जास्तीत जास्त १०० वॉट, पल्ला साधारण साडेतीन मैल. व्यापारी कंपन्यांना हा परवाना मिळत नाही. साडेतीन मैल म्हणजे किती, तर स्वारगेटला मनोरा उभा केला तर शिवाजीनगरला स्वच्छ ऐकू येईल आणि औंधला खरखर. त्यापलीकडचे श्रोते इंटरनेटवरचे.

अशा ठिकाणी माणसं कायम कमी पडतात, त्यामुळे नकार सहसा मिळत नाही. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. एक कागद न्या. त्यावर कार्यक्रमाचं नाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतची गाणी, आणि दोन तासांची एक नमुना यादी. या यादीवरून तुम्ही नुसते हौशी आहात की काम करणार आहात हे समोरच्याला अर्ध्या मिनिटात कळतं.

नव्या माणसाला चांगली वेळ मिळत नाही. मला मंगळवारची रात्री अकरा ते एक मिळाली होती. घ्यावी. त्या वेळी चुका ऐकायला फार कुणी नसतं. शनिवारची संध्याकाळ वर्षभराने आली, ती करणारे गृहस्थ फ्लोरिडाला राहायला गेले म्हणून.

आणि आधी दुसऱ्याच्या कार्यक्रमाला नुसतं जाऊन बसा. मी पोल्का (मध्य युरोपातून आलेलं नाचाचं संगीत) वाजवणाऱ्या एका आजोबांच्या मागे स्टुलावर चार रविवार बसलो. (क्लीव्हलंडच्या आसपास पोल्काला आजही मान आहे, आपल्याकडे भजनी मंडळाला असतो तसा.) त्यांनी शिकवलं असं काहीच नाही. पण बोलायच्या आधी ते पाण्याचा घोट घेतात, पुढची तबकडी आधीची सुरू असतानाच लावून ठेवतात आणि घड्याळाकडे दर मिनिटाला बघतात, हे बघून बघून अंगात भिनलं.

२. "जुनं" म्हणजे काय, ते ठरवा

कुंपण घाला. ते नसेल तर दुसऱ्या महिन्यात कुणीतरी ऐंशीचं दशक मागतं, चौथ्या महिन्यात नव्वदचं, आणि तुमच्या कार्यक्रमाला चेहराच उरत नाही. मी सुरुवात १९५५ ला ठेवली, कारण त्या वर्षी बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' पहिल्या क्रमांकावर गेलं. शेवट १९७९ ला ठेवला, त्याला मात्र काही भक्कम कारण नाही. कुठेतरी थांबायचं होतं.

कुंपणाच्या आतही नुसती गाजलेली गाणी लावत बसलात तर सुपरमार्केटच्या छतातून येणाऱ्या संगीतात आणि तुमच्यात फरक काय? नुसती दुर्मीळ लावली तर तुम्ही आणि तुमचे चार संग्राहक मित्र. माझा हिशोब तीनाला दोन आणि एक : दोन सर्वांना पाठ असलेली, मध्ये एक विसरलेलं. विसरलेलं म्हणजे काय, तर यादीत विसाव्या-तिसाव्या क्रमांकापर्यंत जाऊन परत आलेलं. त्या गाण्याला फोन येतो. "पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं," असं म्हणणारा.

यासाठी बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या, गाण्यांच्या लोकप्रियतेच्या जुन्या याद्या चाळायची सवय लावा. 'हॉट हंड्रेड' ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून सुरू झाली. त्याआधी बिलबोर्डच्याच वेगवेगळ्या याद्या होत्या : दुकानातल्या विक्रीची, ज्यूकबॉक्सची (नाणं टाकून गाणं वाजवायचं यंत्र), रेडिओवाल्यांची. त्यामुळे १९५६ च्या गाण्याबद्दल "पहिल्या क्रमांकावर होतं" म्हणताना कुठल्या यादीत, हे बघून घ्या. कुणी ना कुणी ओरडतोच.

ओहायोत हे सगळं करताना एक सावली डोक्यावर असते, ती ॲलन फ्रीडची. क्लीव्हलंडच्या रेडिओवर १९५१ पासून रात्री कृष्णवर्णीयांचं ऱ्हिदम अँड ब्लूज वाजवणारा, आणि त्याला 'रॉक अँड रोल' हे नाव रुळवणारा गोरा निवेदक. मार्च १९५२ मध्ये त्याने भरवलेल्या जलशाला इतकी गर्दी लोटली की तो सुरू होता होता बंद करावा लागला. रॉक अँड रोलचं संग्रहालय न्यूयॉर्कला न होता क्लीव्हलंडला झालं, त्यामागे त्याचीही पुण्याई आहे. आणि हाच माणूस १९५९ मध्ये पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकरणात सापडला, नोकरी गेली, १९६२ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. न सांगता पैसे किंवा भेटवस्तू घेऊन गाणं लावणं आजही बेकायदा आहे. चार पैसे मिळत नसलेल्या आपल्या कार्यक्रमालाही हे लागू होतं : एखाद्या स्थानिक गायकाने जेवायला नेलं आणि मग सीडी हातात ठेवली, तर जेवणाचं बिल आपण द्यावं.

३. खरं ध्वनिमुद्रण शोधा

नवे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, मीही फसलो. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी साठच्या दशकातल्या एका मुलींच्या गटाचं गाणं लावलं. स्वस्तातल्या संग्रहाची सीडी होती. गाणं निम्म्यावर आलं आणि फोनचा दिवा लुकलुकायला लागला. पलीकडे एक आजी. इंग्रजीतच बोलल्या, पण सूर अगदी आपल्याकडच्या आजीचा : "पोरा, हे ते नाही." मी म्हणालो, त्याच गायिका आहेत, सीडीवर तसं लिहिलंय. "गायिका त्याच असतील. पण या गाण्यावर मी माझ्या नवऱ्याबरोबर पहिल्यांदा नाचले. ढोल असे नव्हते."

घरी येऊन सीडीच्या मागे भिंग लावून पाहिलं. मूळ कलाकारांनी पुन्हा गायलेलं, असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे असतात, म्हणून अनेक कलाकारांनी पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी आपलीच गाणी परत गायली. स्वस्त संग्रहांत आणि इंटरनेटवरच्या संगीतसेवांत ही मुबलक आहेत. ओळखायच्या खुणा : लांबी दहा-पंधरा सेकंदांनी वेगळी असते. १९५८ च्या गाण्याला एकदम झुळझुळीत स्टिरिओ असतो. ढोलाचा आवाज मोठ्या हॉलमध्ये वाजवल्यासारखा घुमतो. आणि मूळ गाणं जिथे हळूहळू विरत जातं तिथे हे ठणकन संपतं. शंका आली तर मूळ ४५ च्या तबकडीशी, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान तबकडीशी (हिलाच सिंगल म्हणतात), ताडून बघा. आता माझ्याकडे प्रत्येक फाइलपुढे 'तपासलं' अशी खूण असते. ती नसेल तर गाणं कार्यक्रमात येत नाही.

मोनो आणि स्टिरिओचाही असाच घोळ आहे. साठच्या दशकाच्या बऱ्याच भागात पोरांनी ट्रान्झिस्टरवर आणि गाडीत जे ऐकलं ते मोनो होतं, म्हणजे सगळा आवाज एकत्र. त्याच गाण्याच्या स्टिरिओ आवृत्तीत कधी आवाज एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या, कधी एखादी ओळच वेगळी. शक्य तिथे मी मोनो सिंगल लावतो. काहींना हा हट्ट वाटतो. असू दे.

छापलेल्या वेळेवरही विश्वास नको. रायचस ब्रदर्सचं 'यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिंग' हे गाणं १९६४ च्या अखेरीस आलं. त्याची खरी लांबी पावणेचार मिनिटं. एवढं लांब गाणं रेडिओवाले लावणार नाहीत म्हणून निर्माता फिल स्पेक्टरने लेबलवर ३:०५ छापून टाकलं. साठ वर्षांपूर्वीची ही थाप आजही कुणा नव्या निवेदकाचा आठचा ठोका, म्हणजे स्टेशनची ओळख सांगायची वेळ, चुकवते. प्रत्येक गाणं स्वतः घड्याळ लावून मोजा.

सालाचंही तसंच. 'रॉक अराउंड द क्लॉक' ध्वनिमुद्रित झालं एप्रिल १९५४ मध्ये, तेव्हा विशेष चाललं नाही. पुढच्या वर्षी एका चित्रपटाच्या नामावलीला ते वाजलं आणि मग डोक्यावर घेतलं गेलं. मग साल कुठलं सांगायचं? मी लोकांनी ते ज्या वर्षी ऐकलं ते सांगतो, आणि वेळ असेल तर दुसरं. आठवण त्या वर्षाला चिकटलेली असते.

४. दोन तासांचं गणित

एकशे वीस मिनिटांतून बोलणं, स्टेशनची ओळख, गावातल्या कार्यक्रमांच्या सूचना आणि प्रायोजकांची नावं यांची मिळून अठरा मिनिटं काढा. उरली एकशे दोन. त्या काळातलं गाणं सरासरी पावणेतीन-तीन मिनिटांचं, म्हणजे पस्तीस-छत्तीस गाणी. चाळीस घेऊन जा.

चार-पाच गाणी जाणीवपूर्वक वेगवेगळ्या लांबीची ठेवा, दोन मिनिटांपासून चार मिनिटांपर्यंत. आठच्या ठोक्याला पोचताना घड्याळ पुढेमागे झालेलं असतंच, तेव्हा हीच गाणी भरणी म्हणून उपयोगी पडतात. एक सात मिनिटांचंही हवं, त्याचं कारण पुढे येईल.

क्रमाबद्दल नियम सांगण्यासारखे नाहीत. दोन संथ गाणी पाठोपाठ नकोत, एवढं खरं. बाकी मी शुक्रवारी रात्री भांडी घासताना एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एवढंच जोडून ऐकतो. कानाला खटकलं की बदलतो.

वाढदिवस आणि पुण्यतिथ्या मदतीला येतात. ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात विमान कोसळून बडी हॉली, रिची वॅलन्स आणि बिग बॉपर गेले, त्या आठवड्यात त्यांची गाणी मागितली जाणारच. पण जपून. या पिढीतलं हल्ली वारंवार कुणीतरी जातं, आणि बघता बघता कार्यक्रमाची शोकसभा होते.

५. कायद्याची बाजू, थोडक्यात

हे कंटाळवाणं आहे, पण दंड स्टेशनला बसतो.

दर तासाच्या ठोक्याजवळ, गाण्यांमधल्या स्वाभाविक विरामात, स्टेशनची अधिकृत ओळख सांगावी लागते : आधी कॉल साइन, म्हणजे स्टेशनला दिलेली अधिकृत अक्षरं, मग गावाचं नाव. मध्ये फार तर फ्रिक्वेन्सी किंवा परवानाधारकाचं नाव चालतं, घोषवाक्य चालत नाही. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात असभ्य शब्द हवेत जाता कामा नयेत. जुनी गाणी सोवळी असतात असं वाटतं, पण सत्तरच्या दशकात खड्डे आहेत. स्टीव्ह मिलर बँडच्या 'जेट एअरलायनर'मध्ये अल्बमवर एक शिवी आहे, सिंगलवर तो शब्द बदललेला आहे. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'तही एक आहे. सिंगल घ्या किंवा तो शब्द पुसून घ्या.

फोनवरच्या माणसाचा आवाज त्याला आधी सांगितल्याशिवाय हवेत सोडायचा नाही, ध्वनिमुद्रितही करायचा नाही. प्रायोजकाचं नाव आणि तो काय करतो हे सांगता येतं. "आजच या, स्वस्त आहे" हे विनाव्यापारी स्टेशनवर म्हणता येत नाही. धोक्याच्या इशाऱ्याची यंत्रणा मध्येच किंचाळली तर तिच्यावर बोलू नका, नोंदवहीत वेळ लिहा. आणि तो इशाऱ्याचा आवाज गंमत म्हणूनही कधी वाजवू नका.

इंटरनेटवरही जात असाल तर हिशोब बदलतो. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकारांना जातात, गायक-वादकांना त्याचे मिळत नाहीत. इंटरनेटवर मात्र साउंडएक्स्चेंज या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेमार्फत त्यांनाही मिळतात, आणि त्या सरसकट परवान्याला अटी आहेत. तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत, त्यातली सलग तीनपेक्षा जास्त नाहीत. एका अल्बममधली तीन, सलग दोन. कुठली गाणी लागणार हे आधी जाहीर करायचं नाही. म्हणजे "पुढच्या शनिवारी दोन तास फक्त बीटल्स" हा प्रत्येकाच्या मनातला पहिला बेत तिथेच बारगळतो. शिवाय पाच तासांपेक्षा लहान कार्यक्रम या परवान्यात नंतर केव्हाही ऐकता येईल असा ठेवता येत नाही. आईला पहाटे साडेचारला उठावं लागतं ते यामुळे.

६. मशीनसमोर

पहिले दोन आठवडे सगळं संगणकावरून वाजवा. हात बसल्यावर तबकड्यांकडे वळा, वळायचंच असेल तर.

४५ ची तबकडी लावण्याची एक पद्धत आहे, ती एकदा जमली की सोडवत नाही. मधल्या मोठ्या भोकात पिवळा प्लास्टिकचा ॲडॅप्टर दाबून बसवा. चकतीवर फेल्टचा गोल असतो, त्यामुळे वर तबकडी धरून ठेवली तरी खाली चकती फिरत राहते. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) 'क्यू'वर ठेवा, म्हणजे आवाज फक्त तुमच्या हेडफोनमध्ये येतो. सुई सुरुवातीला टेकवा आणि तबकडी हाताने पुढे सरकवत पहिला ठोका शोधा. बोट कडेवर, खोबणीवर नाही. ठोका आला की उलट फिरवा, एक घोगरा उलटा आवाज येईल आणि मग शांतता. तिथून आणखी पाव फेरा मागे या. या वेगाला एक पूर्ण फेरा सव्वा सेकंदाहून किंचित जास्त वेळ घेतो, म्हणजे पाव फेरा हा सेकंदाचा तिसरा हिस्सा. सोडलेली तबकडी तेवढ्यात वेग पकडते. आता मोटर चालू, तबकडी बोटाखाली धरलेली, फेडर वर. आधीच्या गाण्याचा शेवटचा सूर विरला की बोट उचला.

यात तबकडी झिजते, हे खरं. रेडिओ स्टेशनांतून बाहेर पडलेल्या जुन्या सिंगलच्या सुरुवातीला जी फसफस ऐकू येते ती यामुळेच, तिला 'क्यू बर्न' म्हणतात. त्यात अमेरिकेतल्या कितीतरी ४५ या विनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या आहेत, त्या आणखी लवकर झिजतात. अशा तबकड्या मी घरी एकदाच नीट वाजवून फाइल करून ठेवतो आणि हवेत फाइल लावतो.

आवाजाच्या पातळीकडे लक्ष हवं. ऐंशीच्या दशकातली सीडी हळू बोलते, अलीकडे नव्याने साफसूफ केलेली फाइल कानात ओरडते. गाणं सुरू झाल्यावर पहिल्या दोन सेकंदांत डोळा मीटरवर आणि हात फेडरवर. काटा अधूनमधून लाल रेषेला शिवला तर चालतं, तिथे मुक्काम नको.

माइक तोंडापासून मुठीएवढा दूर, थोडा बाजूला. अगदी समोर ठेवलात तर 'प' आणि 'फ' फुटतात. माइक चालू झाला की खोलीतले स्पीकर आपोआप बंद होतात, तेव्हा हेडफोन कानावर नसेल तर तुम्ही बहिरे.

७. बोलणं

आपल्याकडच्या निवेदनाची सवय इथे आडवी येते. "एक अत्यंत सुमधुर, अविस्मरणीय गीत" असली विशेषणं टाका. ऐकणाऱ्याने ते गाणं पन्नास वर्षं सांभाळलंय, ते सुमधुर आहे हे त्याला तुमच्याकडून कळायचं नाही. एकच ठोस गोष्ट सांगा आणि बाजूला व्हा. उदाहरणार्थ : "४ एप्रिल १९६४ चा आठवडा. यादीतली पहिली पाचही गाणी बीटल्सची. हे पहिल्या क्रमांकाचं." बारा सेकंद. संपलं.

सुरुवातीच्या वाद्यांवर बोलायचं आणि गायकाने तोंड उघडायच्या क्षणी थांबायचं, ही इथल्या निवेदकांची जुनी करामत. जमली तर छान वाटतं. पण गायकाच्या पहिल्या शब्दावर तुमचा शब्द पडला तर तो अपमान आहे. गाण्यापुढे किती सेकंद नुसती वाद्यं आहेत ते यादीत लिहून ठेवा आणि दोन सेकंद हातचे राखा. 'हे ज्यूड'सारखं गाणं थेट आवाजानेच सुरू होतं, तिथे आधी बोलून गप्प बसायचं.

अमेरिकी हेल काढू नका. कुणी फसत नाही, आणि तो दोन तास टिकतही नाही. मात्र आपल्या एका खोडीवर काम करा : व. मराठीत एकच आहे, इंग्रजीत दोन. स्टीव्ही वंडर हे नाव आपल्यासाठी मुद्दाम लावलेला सापळा आहे, पहिल्या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकायला हवेत आणि दुसऱ्यात ओठांचा चंबू. मी गाडीत महिनाभर हेच म्हणत होतो.

बाहेरून आल्याचा फायदाही आहे, तो घ्या. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला आणि तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे क्वीनच्या गाण्याआधी मी सांगतो तेव्हा घाटातली थंडी आणि टेबललँडचं गवत मला डोळ्यासमोर दिसत असतं. ब्रिटिश गायकांपैकी क्लिफ रिचर्डचा जन्म लखनौचा, एंगलबर्ट हंपरडिंकचा मद्रासचा.

आणि माझा लाडका दुवा : १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे आणि आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', हीसुद्धा. साडेतीन मिनिटांची. एका शनिवारी मी दोन्ही पाठोपाठ लावली. कुंपण मोडलं म्हणून स्टेशनच्या व्यवस्थापकांनी भुवया उंचावल्या. फोन तीन आले. दोघांनी "त्या बाई कोण?" म्हणून विचारलं, तिसऱ्याने चक बेरीची आवृत्ती बरोबर लावल्याबद्दल आभार मानले.

८. फोन आणि फर्माइशी

फोन गाणं चालू असताना घ्या, आणि पुढचं गाणं लावून ठेवल्यावरच घ्या. फर्माइशीला "बघतो" म्हणा, "लावतो" नाही. नाव आणि गाणं वहीत लिहा, पुढच्या आठवड्यात ते खरंच लावा. माझे निम्मे श्रोते या वहीने टिकवलेत.

चूक दाखवणाऱ्याशी वाद घालू नका. अर्ध्या वेळा तो चुकीचा असतो, हे मान्य. तरी "तपासून सांगतो" म्हणायचं आणि पुढच्या शनिवारी जे निघालं ते सांगायचं. ढोल ओळखणाऱ्या आजी आता दर आठवड्याला फोन करतात. मी नवीन काही आणलं तर आधी त्यांना विचारतो.

काहींना गाणं नकोच असतं, बोलायचं असतं. शनिवारी संध्याकाळी घरात एकटं माणूस. अडीच मिनिटांचं गाणं चालू आहे आणि पलीकडे नवऱ्याच्या आजारपणाची हकिकत. अशा वेळी मी सरळ सांगतो : "मावशी, पुढची तबकडी लावायची आहे, नऊनंतर मी करू का फोन?" आणि मग करतो.

९. घोळ होतातच

शांतता ही रेडिओवरची सगळ्यात मोठी चूक. तीन सेकंद चालून जातात, दहाव्या सेकंदाला लोक बटण फिरवतात. म्हणून एक गाणं कायम दुसऱ्या यंत्रावर तयार ठेवा, मग संगणक बंद पडो नाहीतर सुई अडको.

सात मिनिटांचं गाणं सांगितलं होतं. ते स्वच्छतागृहासाठी. मी 'हे ज्यूड' लावतो, ७:११. आमचा स्टुडिओ तळघरात आहे आणि जिन्याचं दार आपोआप लागतं. पहिल्या हिवाळ्यात मी किल्ली टेबलावर ठेवून वर गेलो. दार बंद. वरच्या पोर्चमध्ये कुणीतरी रेडिओ लावलेला होता, त्यावर माझंच गाणं शेवटच्या 'ना ना ना'वर आलेलं. तो भाग चार मिनिटांचा आहे, म्हणून वाचलो. इमारतीच्या मागून कोळशाच्या जुन्या खिडकीतून आत उतरलो. किल्ली गळ्यात अडकवा.

३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर लागली की गायक खारीसारखा चिरचिरतो. फेडर खाली, वेग बदला, पुन्हा सुरू. "माफ करा" एकदा म्हणा. दोन मिनिटं खुलासा करत बसलात तर चूक तीन सेकंदांची राहत नाही.

१०. नऊनंतर

वाजवलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद : कलाकार, गाणं, अल्बम, कंपनी. रॉयल्टीचा हिशोब याच्यावर चालतो, कंटाळा करू नका. स्वतःच्या निवेदनाचं ध्वनिमुद्रण रविवारी ऐका, फक्त बोलणं, गाणी वगळून. पहिल्या महिन्यात ते ऐकवत नाही. मी मोजलं तेव्हा एका कार्यक्रमात "सो" एकेचाळीस वेळा म्हटलं होतं.

फेडर सगळे खाली, तबकड्या पाकिटात, पुढच्या निवेदकासाठी खुर्ची पुसून. आणि निघताना खिसे तपासा : तो पिवळा ॲडॅप्टर. स्टेशनकडे मोजून बारा आहेत, त्यातले दोन सध्या आमच्या कपडे धुवायच्या मशीनच्या जाळीत आहेत.